महिन्याला अर्धा इंच सूड

मास्तर आणि फवारा यांची पहिली भेट झाली तेव्हा फवाऱ्याचे केस दुकानात आधी शिरले आणि फवारा त्यांच्या मागोमाग आला. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी घासत आलेलं ते डोकं पाहून खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन उठलं, अशी मास्तरची साक्ष आहे. पुढची साक्षही मास्तरचीच, तेव्हा ती निम्मी वजा करून ऐकावी. पहिला कंगवा कपाळापासून चार बोटांवर मोडला. दुसरा आत गेला तो दुसऱ्या दिवशी झाडताना सापडला. त्या रानातून एक पेन्सिल निघाली, शर्टाची दोन बटणं निघाली आणि शेवटी एक नाकतोडा निघाला, तो मास्तरकडे रागाने बघून खिडकीतून उडून गेला. दुपारच्या चहानंतर हातात घेतलेलं काम दिवेलागणीला संपत आलं.

"इतके दिवस होतास कुठे बाबा? गुहेत?" मास्तरने विचारलं.

"मीही कारागीरच आहे," केसांच्या खालून आवाज आला. "समोरचा गाळा घेतलाय. सलून काढतोय."

मास्तरची कात्री हवेतच थांबली. चार तास आपण ज्याचं डोकं घडवत होतो तो आपल्या पोटावर पाय द्यायला आलेला माणूस आहे, हे कळल्यावर कोणाचीही कात्री थांबेल.

"कारागीर आहेस तर स्वतःची ही दशा?"

"स्वतःचे केस स्वतःला कापता येतात होय? तुझे कोण कापतं ते सांग."

मास्तरने कात्री खाली ठेवली. त्याचे केस त्याचा म्हातारा उस्ताद कापायचा आणि उस्ताद त्याच वर्षी वारला होता. समोरच्याने मानेवरचं कापड झटकलं, मास्तरला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पाण्याच्या बाटलीने असे काही फवारे मारले की नऊ मिनिटांत केस झाले, पण बनियन पिळावं लागलं. तेव्हापासून तो फवारा. त्याचं खरं नाव पुढे त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

त्या दिवसापासून अठरा वर्षं दर चौथ्या सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दोघं एकमेकांचे केस कापत आले. गल्लीतल्या लोकांना ती एक मौजच होती. बाकीचे दिवस दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत, आणि सोमवारी एकमेकांच्या वस्तऱ्याखाली मान देत. तिसऱ्याकडे जायची सोयच नव्हती. सलूनवाल्याने परक्या खुर्चीत बसणं म्हणजे आचाऱ्याने शेजाऱ्याकडे ताट घेऊन जाण्यासारखं. गल्ली हसली असती.

या धंद्यात केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या मागे छोटा आरसा धरून दाखवतात, 'बघा, ठीक आहे ना?' या दोघांत ती पद्धत नव्हती. कारागिराने कारागिराला मागचा आरसा दाखवायचा म्हणजे त्याचा आपल्यावर विश्वास नाही असं धरून चालायचं. अठरा वर्षांत एकदाही तो आरसा खिळ्यावरून निघाला नव्हता.

आणि फवाऱ्याच्या बाबतीत तर विश्वासाचा मामला खोल होता. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या जरा खाली, कोटाच्या बटणाएवढी एक मोकळी जागा होती. लहानपणी कढत पाणी सांडून भाजलेलं, तिथे पुन्हा केस आले नव्हते. मास्तर वरचे केस दोन इंच लांब ठेवून ते अशा बेताने खाली सोडायचा की बटण झाकलं जायचं. हे बटण जगात तिघांना ठाऊक होतं: फवाऱ्याच्या आईला, बायकोला आणि मास्तरला.

मग अठराव्या वर्षी एका सकाळी स्वतःची दाढी करताना मास्तरचा वस्तरा गळ्याशी एका जागी अडखळला. दाढी मात्र कारागिराला स्वतःची करता येते. त्याने बोटाने चाचपलं. गाठ होती. ती कसली, हे कळायला तीन आठवडे आणि चार दवाखाने लागले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, सहा केमो घ्याव्या लागतील, आजार बरा होण्यातला आहे, आणि हो, केस जातील.

"जाऊ द्या की," मास्तर म्हणाला. "माझ्याकडे रोज पोतंभर केस जातात. त्यात माझे चार."

घरी येताना मास्तरीण, म्हणजे त्याची बायको, रिक्षात रडली. मास्तर तिला म्हणाला, "अगं, तेलाचा खर्च वाचला." तिने त्याला कोपराने ढोसलं.

पहिल्या केमोनंतर सतरावा दिवस सोमवार होता, आणि चौथा सोमवार होता. मास्तर रस्ता ओलांडून फवाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला. डोक्याची कातडी दोन दिवस दुखत होती, जणू कोणी घट्ट टोपी घालून झोपवलं होतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, आज फवाऱ्याला सांगायचं, सगळेच उतरव. आजाराचं त्याने घराबाहेर अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिला मान मित्राचा.

फवाऱ्याने कापड बांधलं, दोन फवारे मारले, कंगवा घातला आणि ओढला. कंगव्याबरोबर केसांचा पुंजकाच्या पुंजका आला. मुळासकट, न तुटता, पिकलेल्या फळाच्या देठासारखा.

"मास्तर! हे काय रे?"

"तेच सांगायला आलोय. मला..."

"हे लागट तर नाही ना?"

फवारा दोन पावलं मागे सरकला होता. मास्तरला समोरच्या आरशात ती दोन पावलं स्पष्ट दिसली. त्याने सांगितलं, गाठ आहे, केमो चालू आहे, औषधाने केस जातात, कोणाला लागत नाही. फवाऱ्याने मान डोलावली. "हो हो, तसंच असेल." मग त्याने तो कंगवा दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले आणि म्हणाला, "आज जरा घाई आहे रे. बाकीचं तूच घरी उरकून घे."

मास्तर डोक्यावर एक टवका घेऊन रस्ता ओलांडून परत आला. स्वतःच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्याने मशीन शून्यावर लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे केस स्वतः कापले. शून्याला कौशल्य लागत नाही. मग केर काढला. रोज गिऱ्हाइकांचे केस झाडताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने केरसुणी भिंतीला टेकवली आणि जरा वेळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिला. नंतर उठून आरशाला म्हणाला, "फवाऱ्या, तुझी नाही जिरवली तर बघ."

टक्कल सोसणं तितकं अवघड नव्हतं, त्याच्या बरोबरीने येणाऱ्या बारीकसारीक गोष्टी अवघड होत्या. पंख्याचा वारा थेट मेंदूला लागायचा. मास्तरिणीने विणलेली लोकरी टोपी अशी टोचायची की जणू तिने ती भांडणानंतर विणली होती. तिसऱ्या केमोपर्यंत भुवया गेल्या, पापण्या गेल्या, आणि मग कळलं की पापण्या हे सलूनवाल्याचं हत्यार आहे. दुसऱ्याचे कापलेले बारीक केस सरळ डोळ्यांत जायला लागले. चष्मा लावला तर तोंडावरच्या मास्कमुळे काच धुकट व्हायची. नाकातलेही केस गेल्यामुळे नाक केव्हाही गळायचं. आणि समोर एवढा थोरला आरसा! गिऱ्हाइकाच्या दाट डोक्यावर आपलं डोकं दिव्याच्या गोळ्यासारखं तरंगताना दिवसभर बघायचं.

पण आता तरंगायलाही फारसं काही उरलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकं आटली होती. डॉक्टरीणबाईंनी बऱ्या आठवड्यांत काम करायला परवानगी दिली होती. काम करायला माणसं येत नव्हती. कारण शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. इस्त्रीवाला सगळ्या गल्लीचे कपडे इस्त्री करायचा आणि बातम्याही.

"मास्तर, राग नको. समोर बोलतात, तुमचे केस लागट रोगाने गेले. वस्तरा, कंगवा सगळ्यांना तोच ना."

"समोर म्हणजे कोण बोलतं?"

"समोर म्हणजे... समोर."

त्याच आठवड्यात फवाऱ्याच्या दारावर पाटी लागली: 'येथे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा टॉवेल.' अठरा वर्षांत फवाऱ्याने टॉवेल दर शनिवारी धुतला होता, तोही शनिवारी पाऊस नसला तर. ती पाटी वाचून मास्तरच्या तोंडाची आधीच गेलेली चव आणखी गेली.

मास्तरिणीने अक्कल चालवली. "अहो, डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा. आरशाला चिकटवा." मास्तरने चिठ्ठी आणली. तीत आजाराचं नाव सहा शब्दांचं होतं, औषधांची नावं त्याहून मोठी होती, खाली दोन शिक्के होते, आणि हा आजार संसर्गजन्य नाही असं शेवटच्या ओळीत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी पोचलंच नाही. माणसं पहिलं नाव वाचायची, शिक्के बघायची आणि म्हणायची, "मास्तर, मी जरा उद्या येतो." चिठ्ठी लागेपर्यंत दिवसाला पाच येत होते, चिठ्ठीने तीनवर आणले. राहिलेल्या तिघांपैकी एक ऐकायला कमी यायचा, त्यामुळे त्याला अफवा पोचलीच नव्हती.

आता मास्तर रिकाम्या खुर्चीत बसून समोर बघत बसायचा. आणि बघता बघता एक दिवस त्याला ते दिसलं. फवाऱ्याच्या कानांवर केस आले होते.

मास्तर ताडकन उठून दाराशी आला. खरंच की! फवाऱ्याने त्याची गिऱ्हाइकं नेली, पाटी लावली, अब्रू घेतली, पण स्वतःचं डोकं? ते कोण कापणार? आणि मास्तरला तर आता कापण्यासारखं डोकंच नव्हतं. अठरा वर्षांच्या करारातून औषधाने त्याला मोकळं केलं होतं, फवारा मात्र अडकलेला होता.

"अगं ए," त्याने रात्रीच्या जेवणात मास्तरिणीला विचारलं, "केस महिन्याला किती वाढतात?"

"मला काय विचारता? मास्तर तुम्ही."

"अर्धा इंच," मास्तर म्हणाला आणि केमो सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्याने दुसरी पोळी मागून घेतली.

मग सुरू झाला तो सूड. त्यात काहीही करावं लागत नव्हतं, हीच त्याची गोडी. तापात, मळमळीत, सलाईन लावून दवाखान्याच्या खाटेवर पडलेला असतानाही मास्तरचा सूड बिनबोभाट चालू होता. समोरच्या माणसाच्या टाळूतून, दिवसरात्र, व्याजाशिवाय, महिन्याला अर्धा इंच. बाटलीतून थेंब पडताना तो डोळे मिटून फवाऱ्याच्या मानेवर उतरणारे केस मोजायचा आणि गालात हसायचा. नर्सबाई म्हणायच्या, "आजोबा, तुमच्यासारखा आनंदी पेशंट नाही." तो पन्नाशीतच होता, पण भुवया नसलेल्या माणसाचं वय कोणाला कळतं! त्याने तोही अपमान फवाऱ्याच्या नावावर मांडला.

दुसऱ्या महिन्यात फवाऱ्याने दोन आरसे घेऊन स्वतःच प्रयोग केला. उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर वर गेली. तिसऱ्या महिन्यात त्याच्या बायकोने शिवणाची कात्री घेतली. नंतर आठवडाभर फवारा कानाला चिकटपट्टी लावून फिरत होता. गिऱ्हाइकं खुर्चीत बसायच्या आधी त्याच्या डोक्याकडे बघायला लागली. इस्त्रीवाल्याने फवाऱ्याला तोंडावर विचारलं, "काय शेठ, गवयाच्या धंद्यात पडलात का?" ही बातमी त्याने इस्त्री गरम असतानाच मास्तरला आणून दिली. मास्तरने त्याला दोन चहा पाजले.

चौदाव्या आठवड्यात, सोमवारी भर दुपारी, दुकानाच्या मागच्या दारावर टकटक झाली. डोक्याला टॉवेल गुंडाळून फवारा उभा होता.

"मास्तर, जरा काम होतं."

"पुढचं दार उघडं आहे."

"नको, मागूनच बरं." तो आत आला. टॉवेल सुटला. मास्तरने मनातल्या मनात टाळी वाजवली. "परवा पुतणीचं लग्न आहे. फोटो बिटो निघतील. तू जरा..."

"भीती नाही वाटत? लागेल की."

"काहीतरीच काय! मला ठाऊक नाही का ते लागत नाही म्हणून?"

मास्तरचं डोकं टोपीखाली तापलं. "ठाऊक होतं?"

"अरे, तूच नाही का सांगितलंस? पण गिऱ्हाइकं विचारतात, मास्तरला झालंय काय. मी काय सांगणार? काहीतरी बोलावं लागतं. धंदा आहे."

मास्तरने खुर्चीकडे बोट केलं. कपाटातून कोरा टॉवेल काढला, त्याची घडी फवाऱ्याच्या नाकासमोर मोडली आणि म्हणाला, "आमच्याकडेही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा." फवारा आरशात हसला. मास्तर थांबला. कात्री उचलण्यापूर्वी तो चांगला मिनिटभर थांबला. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द आले असते तर त्याने ते केस जीव ओतून कापले असते, आणि हे तो पुढेही शपथेवर सांगायचा.

"मागे जरा सांभाळून हं," फवारा म्हणाला. "ते तुला ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाला.

आणि त्याने आयुष्यातलं सर्वोत्तम काम केलं. पुढून फवारा नवरदेवासारखा दिसायला लागला. कानाशी रेघ अशी की पट्टी लावून तपासावी. फवारा आरशात मान डावीकडे उजवीकडे फिरवून खूश झाला. मागून मास्तरने एरवी दोन इंच ठेवायचे ते केस अर्ध्या इंचावर आणले, मग पाव इंचावर, आणि बटणाच्या भोवतीची जागा मशीनने अशी सफाईने उतरवली की ते मैदानातल्या खेळपट्टीसारखं उठून दिसावं. आरसा खिळ्यावर होता. फवाऱ्याने मागितला नाही. मास्तरने दाखवला नाही.

"हात काय आहे रे तुझा!" फवारा जाताना म्हणाला. टॉवेल त्याने खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला, पुढच्या दाराने.

लग्नात तो सगळ्यांच्या पुढे पुढे नाचला, म्हणजे सगळे त्याच्या मागे होते. गुरुवारी दुकान उघडलं. फवाऱ्याच्या दुकानातला गिऱ्हाइकांचा बाक भिंतीला, कारागिराच्या पाठीमागे होता. वाट बघणाऱ्या माणसाला फवाऱ्याच्या डोक्याच्या मागच्या भागाखेरीज दुसरं बघायला काही नव्हतं. बाकावरचा पहिला माणूस वर्तमानपत्र खाली ठेवून उठला. दुसऱ्याने तिसऱ्याला ढोसलं. दुपारपर्यंत इस्त्रीवाला धावत आला.

"मास्तर! फवाऱ्यालाही लागलं! मागे एवढा चट्टा पडलाय!"

मास्तरला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. त्याने टोपी काढून हवेत उडवली, ती पंख्यात अडकली. समोर फवारा दाराशी उभा राहून हाताने डोक्यामागे चाचपत होता, आणि त्याच्याकडे बघत मास्तरने स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून सावकाश हात फिरवला. फवाऱ्याने रस्त्याच्या त्या बाजूने जे शब्द वापरले ते इथे देता येत नाहीत. मास्तरला ते मंगलाष्टकांसारखे वाटले. त्या संध्याकाळी तो घरी गेला तो शीळ घालत.

मास्तरिणीने सगळं ऐकून घेतलं. भाजीला फोडणी दिली. मग म्हणाली,

"अहो, त्याचे केस कापता कोण?"

"मी."

"गल्लीला हे माहीत आहे?"

"अठरा वर्षं माहीत आहे."

"मग त्याला लागलं ते कोणाकडून लागलं म्हणतील?"

मास्तरची शीळ ओठांवरच राहिली.

फवाऱ्याने तीन महिने ओरडून सांगितलेलं खोटं मास्तरने एका दुपारी, फुकटात, पुराव्यानिशी सिद्ध करून दिलं होतं. शुक्रवारी मास्तरच्या तिघांपैकी दोघं आले नाहीत. शनिवारी कमी ऐकू येणारा आला, पण त्याला कोणीतरी कागदावर लिहून दिलं होतं. तो दारातूनच हात जोडून गेला. समोरच्या बाकावरही कोणी नव्हतं. फवारा भाजल्याची गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटला होता, अगदी आईला साक्षीला आणून बसवलं होतं, पण गल्लीने ठरवलं होतं. दोन्ही दुकानदार आपापल्या दारात उभे राहून एकमेकांकडे दातओठ खात बघत, आणि मधल्या रस्त्याने वाढलेल्या केसांची माणसं दोघांनाही टाळून पुढे निघून जात.

मास्तरला त्यातही समाधान होतं हे सांगितलंच पाहिजे. "माझे तीन गेले, पण त्याचे बावीस गेले," असं तो मास्तरिणीला दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला गेला तेव्हा तिने पोळपाट जरा जोरात ठेवला.

सहावी केमो झाली. गाठ गेली, तपासण्या चांगल्या आल्या. केसही परत आले, आधीपेक्षा पांढरे आणि थोडे कुरळे. तोवर मास्तरच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं होतं आणि फवाऱ्याच्या गाळ्यात चपलांचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या सलूनमध्ये अनुभवी कारागीर हवे होते. दोघांनीही एकमेकांना न सांगता अर्ज केला. मास्तरला तीन नंबरची खुर्ची मिळाली, फवाऱ्याला चार नंबरची.